आजोबांचं पोलिसातलं बक्कल ताम्रपटाशेजारी लावावं का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, पण घरात सुटेना म्हणून इथे मांडतोय.

गावाकडचं घर पाडायला काढलं तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचं (वडिलांचे वडील) पोलिसातलं पट्ट्याचं पितळी बक्कल सापडलं. सोबत सर्व्हिस शीटचे चार कागद. १९३१ ला सातारा जिल्हा पोलिसात शिपाई म्हणून भरती. उंची, छाती, जात, गाव, ‘डाव्या भुवईवर व्रण’. दोनदा एकेक रुपया दंड: एकदा गस्तीला उशीर, एकदा परेडला पट्टा मळका. १९४२ साली नेमणूक तासगाव. बक्कलावरचा नंबर झिजलाय, पहिले दोन आकडे तेवढे लागतात.

आता पेच असा. आईचे मामा प्रतिसरकारात (नाना पाटलांच्या, इंग्रजांविरुद्धच्या समांतर सरकारात) होते, दोन वर्षं भूमिगत. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून १९७२ चा त्यांचा स्वातंत्र्यसैनिकाचा ताम्रपट आमच्याकडे हॉलमध्ये असतो. मी म्हटलं, नव्या घरात बक्कल फ्रेम करून त्याच्याच शेजारी लावू. आई म्हणाली, “माझ्या मामाच्या शेजारी ते लागायचं नाही.” बाबा गप्प. बायको म्हणते दोन्ही काढा आणि घड्याळ लावा.

तुमच्यापैकी कुणाच्या घरात इंग्रजांच्या पोलिसातला माणूस होता का? त्याच्या वस्तूंचं तुम्ही काय केलंत?

गंमतराव

वहिनींना +१. बाकी धागा शंभरी गाठणार अशी सगळी लक्षणं आहेत. चहा ठेवलाय.

रोखठोक

स्पष्ट लिहितो, राग नसावा. तुमच्या आईचं बरोबर आहे. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या त्या पोलिसांनीच. त्याच दिवशी नंदुरबारला शिरीषकुमार पडला, १५ वर्षांचं पोर. १९३० ला धारासन्याला मिठाच्या आगरासमोर हात न उचलणाऱ्या माणसांच्या डोक्यात लोखंडी टोकाच्या लाठ्या घातल्या. हुकूम साहेबाचा, पण लाठी धरणारा हात आपल्याच माणसाचा. पगार घेऊन केलेल्या कामाला फ्रेम कसली?

आणि ‘काय करणार, पोटासाठी’ हे सांगू नका. क्रांतिसिंह नाना पाटील स्वतः सरकारी तलाठी होते. दिलीच ना नोकरी सोडून?

ठाणे_अंमलदार

३४ वर्षं खात्यात काढून निवृत्त झालोय, तेव्हा थोडं लांबण लावतो.

कृष्णाकाठ, आधी बक्कलाबद्दल. शिपायाला खात्यात नावापेक्षा बक्कल नंबरानं ओळखतात. माझ्या वेळीही हजेरीला साहेब नंबर पुकारायचे. गुन्ह्याच्या कागदांतही ‘पोलीस शिपाई बक्कल नंबर अमुक’ असंच येतं. ही पद्धत आपण इंग्रजांकडून जशीच्या तशी घेतली आणि कधी टाकली नाही.

आता रोखठोक यांच्यासाठी. हे खातं कशासाठी उभं केलं ते बघा. १८५७ नंतर १८६० ला पोलीस कमिशन बसलं, १८६१ ला कायदा झाला. नमुना कुठला? लंडनचा नाही, आयर्लंडचा. म्हणजे आपल्या माणसांत वावरणारा पोलीस नव्हे, तर जिंकलेल्या मुलखावर नजर ठेवणारा, बराकीत राहणारा, कवायत करणारा. मुंबई इलाख्यात तर त्याआधीच, १८५० च्या दशकात, नेपियर या इंग्रज सेनापतीनं सिंधमध्ये बसवलेल्या घडीवरून जिल्ह्याजिल्ह्यात सुपरिंटेंडेंट नेमले गेले होते. वरचा साहेब गोरा. १८९३ पासून त्याची परीक्षा लंडनला व्हायची आणि हिंदी माणसाला तिथे बसताच यायचं नाही, ती दारं उघडली १९२० नंतर. खाली मात्र सगळे आपले. शिपाई जन्मभर झिजला तरी जमादारापर्यंत पोचला तर नशीब.

१९०२ ला व्हाइसरॉय कर्झननं पोलिसांच्या चौकशीसाठी फ्रेझर साहेबाचं कमिशन बसवलं. सरकारच्याच या कमिशननं लिहून ठेवलं, की पोलीस अकार्यक्षम आहेत, त्यांचं शिक्षण आणि त्यांच्यावरची देखरेख अपुरी आहे, आणि लोक त्यांना भ्रष्ट अन् जुलमी समजतात. उपायांत एक असा, की शिपायाला महिना निदान ८ रुपये तरी द्या. म्हणजे त्याआधी काय देत असतील ते समजा. पोट भरणार नाही इतका पगार द्यायचा, हातात दंडुका द्यायचा, आणि खातो म्हणून पुन्हा अहवाल लिहायचा.

नाशिकचं आमचं ट्रेनिंग स्कूल याच काळातलं. १९०६ ला पुण्यात भांबुर्ड्याला निघालं, १९०९ ला नाशिकला गेलं. तिथल्या मैदानावर मीही घाम गाळलाय.

गंमतराव

काका, म्हणजे दंडुका पण त्यांचा, मैदान पण त्यांचं. बदललं काय, फक्त चड्डीची लांबी?

ठाणे_अंमलदार

गंमतराव, ती अर्धी चड्डी स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं होती. थंडीत गस्त घालून बघा म्हणजे कळेल कुणावर जुलूम होत होता.

वकिलीण

काकांच्या मुद्द्याला कायद्यातली जोड देते. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५: पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही हे होतंच. ज्या सरकारनं खातं काढलं, त्याच सरकारला ठाऊक होतं की आपला पोलीस मारून वदवून घेतो. मद्रासला १८५४ ला तर पोलिसी छळाच्या चौकशीसाठी वेगळं कमिशनच नेमावं लागलं होतं. छळ बंद करायचा तर पगार, शिक्षण, माणसं वाढवायला हवीत, त्याला पैसे लागतात. त्यापेक्षा पोलिसाचा शब्दच ग्राह्य धरू नका, हे स्वस्त. मला हे कलम आवडतं, आरोपीला त्याचा आधार आहे. २०२३ च्या साक्ष अधिनियमात ते कलम २३ म्हणून आजही आहे. पण त्यातला अविश्वास बघा: शिपायाला लोकांवर सोडलं आणि कोर्टाच्या दारात त्याला खोटा ठरवलं.

रोखठोक, नोकरी सोडण्याबद्दल. १८६१ च्या कायद्यात पोलिसाला परवानगीशिवाय किंवा दोन महिन्यांच्या नोटिशीशिवाय राजीनामा देता येत नव्हता. तसाच कामावरून गेला तर तीन महिन्यांचा पगार दंड किंवा तीन महिने कैद. मुंबई इलाख्याला १८९० चा वेगळा जिल्हा पोलीस कायदा होता, पण खात्याची मनोवृत्ती तीच. आणि असहकाराच्या धक्क्यानंतर १९२२ ला खास कायदा केला: पोलिसाच्या मनात सरकारबद्दल अप्रीती निर्माण करणं, त्याला नोकरी सोडायला फूस लावणं हाच गुन्हा. सरकारला कशाची भीती वाटत होती ते यातून कळतं.

रोखठोक

वकिलीणबाई, अभ्यासपूर्ण प्रतिसाद. पण दोन महिन्यांची नोटीस देता येत होती ना? म्हणजे दार होतं. आणि १९३० ला पेशावरला चंद्रसिंग गढवालींनी निःशस्त्र लोकांवर गोळी चालवायला नकार दिला, त्यांच्यापुढे तर दारही नव्हतं.

अनुस्वार

ते लष्करातले, पोलिसातले नव्हेत. आणि त्यांना जन्मठेप झाली. असा माणूस लाखात एक निघतो म्हणून तर आपल्याला त्याचं नाव माहीत आहे. बाकीच्या ९९,९९९ जणांबद्दल धागा आहे.

(शीर्षकात ‘बक्कल’ नपुंसकलिंगी वापरल्याबद्दल धागाकर्त्याचे आभार. हल्ली कुणीही ‘ती बक्कल’ म्हणतं.)

जुनं_दप्तर

‘इंग्रजांनी पोलीस आणले’ असं आपण म्हणतो, पण गावाला पोलीस आधीपासून होताच. पाटील होता, त्याच्या हाताखाली महार, रामोशी होते. चोरी झाली की माग काढायचा, माग दुसऱ्या गावच्या शिवेत गेला की जबाबदारी त्या गावावर. १८६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानं इंग्रजांनी पाटलालाच सरकारी कागदात बसवला. ‘पोलीस पाटील’ हा जोडशब्द त्यातलाच. ‘फौजदार’ तर त्याहून जुना शब्द. मोगलाईत फौज बाळगणारा मोठा अधिकारी, इंग्रजीत घसरत घसरत सब-इन्स्पेक्टर झाला. मुंबईतली कथा आणखी मागची, १६६९ मध्ये तिथला इंग्रज गव्हर्नर आँजियरनं भंडारी लोकांची पलटण उभी केली तिथून.

सगळ्यात लक्षात राहण्यासारखं आहे ते रामोशांचं. पुरंदरसारख्या किल्ल्यांची राखण परंपरेनं त्यांच्याकडे. इंग्रज आले आणि राखणीचे हक्क गेले. उमाजी नाईकांनी बंड केलं, तेव्हा सरकारनं त्यांना माफी देऊन चक्क बंदोबस्ताच्याच कामाला लावलं. ते टिकलं नाही, पुन्हा बंड, आणि ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी. तिकडे खानदेशात १८२५ पासून औट्रम हा इंग्रज अधिकारी भिल्लांची कोअर (पलटण) उभी करत होता. कालचा बंडखोर आज पहारेकरी आणि आजचा पहारेकरी उद्या बंडखोर, असं दोन्हीकडून चालू होतं. कृष्णाकाठ, तुमच्या हॉलमध्ये जो पेच पडलाय तो तेव्हा एकाच माणसाच्या आयुष्यात पडायचा.

सुगरण_नव्हे

दंडवत! वाचनखूण साठवली.

मुक्ता_सो

बराच वेळ नुसती वाचत होते. लिहू का नको असं झालं होतं.

माझी आजी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये जन्मली. तारेच्या कुंपणाच्या आत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १८७१ ला इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ ला तो वाढवून मुंबई इलाख्यालाही लावला. जन्मालाच गुन्हा चिकटलेला. चोरी केलीच पाहिजे असं नाही, आई कैकाडी किंवा पारधी असली की पुरे. हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास घ्यायचा, वेळेत परत नाही आलं तर शिक्षा.

आजीला बक्कल माहीत होतं, नंबर नव्हता माहीत. ती लहान होती, तिच्या डोळ्यांच्या उंचीला शिपायाचा पट्टा यायचा. चेहरा तिनं कधी वर बघून पाहिलाच नाही म्हणायची. तिच्या लेखी पोलीस म्हणजे एक बक्कल आणि खाली दोन पट्ट्या गुंडाळलेले पाय. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, आम्ही ‘विमुक्त’ झालो. पण म्हातारपणीसुद्धा रस्त्यात खाकी दिसली की ती फुटपाथ बदलायची.

वर सगळे पगाराचं, छोट्या शिपायाच्या लाचारीचं लिहितायत. खरं असेल. पण वरून खाली येणारा जुलूम शेवटी ज्याच्यावर पडतो, त्याच्याही खाली कुणीतरी असतं. शिपायाच्या खाली आम्ही होतो. कृष्णाकाठ, तुमच्या आजोबांना काही म्हणत नाही. तुम्ही भिंतीबद्दल विचारलंत म्हणून सांगितलं, की ती वस्तू पाहून प्रत्येकाला परेड आठवेल असं नाही.

कृष्णाकाठ

मुक्ताताई, लिहिलंत ते बरं केलंत. हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

ठाणे_अंमलदार

ताई, भरती झालो तेव्हा आम्हालाही रात्री ठराविक वस्त्यांवर जाऊन माणसं मोजायला पाठवायचे. कायदा जाऊन वीस-पंचवीस वर्षं झाली होती. मी गेलोय. यापुढे काय लिहावं सुचत नाही.

चादरवाला

सोलापूरचा विषय निघालाच आहे तर. मे १९३० मध्ये गोळीबारानंतर आमच्या शहरातून पोलीस निघून गेले होते आणि काही दिवस शहर लोकांनीच चालवलं. मग मार्शल लॉ. मंगळवार पेठेतल्या चौकीवरच्या हल्ल्यात दोन पोलीस मारले गेले, त्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. चार हुतात्मा चौकातून मी रोज जातो, चौघांची नावं शाळेपासून पाठ. त्या दोन पोलिसांची नावं मात्र मला सांगता येणार नाहीत, माझ्या आजोबांनाही येत नव्हती. तेही इथलेच कुणाचे तरी मुलगे असणार.

चौरीचौऱ्यात तर दोन स्मारकं आहेत. ४ फेब्रुवारी १९२२ ला जमावानं ठाणं पेटवलं, वीसहून जास्त पोलीस मेले. त्यांचं स्मारक इंग्रजांनी लगेच बांधलं. फाशी गेलेल्या १९ जणांचं स्मारक व्हायला स्वातंत्र्य यावं लागलं. आजही दोन्ही उभी आहेत. तेव्हा शेजारीशेजारी ठेवायची उदाहरणं आहेत, एवढंच.

रोखठोक

पोलिसांचं स्मारक इंग्रजांनी बांधलं, यातच सगळं आलं.

अनुस्वार

आणि स्वतंत्र भारतानं ते पाडलं नाही, यात काय आलं?

गंमतराव

चहा संपला. दुसरा ठेवतो.

लाईनबाळ

मी पोलीस लाईनीत वाढले, वडील आणि आजोबा दोघंही खात्यात. आजोबा इंग्रजांच्या वेळचे. पुरुषांच्या बाजूनं आणि विरुद्ध भरपूर झालं, लाईनीतल्या बायकांचं कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते.

आजी सांगायची, लाईन गावाबाहेर असायची ती मुद्दाम. माणूस शक्यतो स्वतःच्या गावात ठेवायचा नाही, वर दर दोन-तीन वर्षांनी बदली. त्यामुळे गावात जीव गुंतायच्या आत भांडी बैलगाडीत. खोली एक, मोरी सामाईक. आणि चळवळीच्या दिवसांत बहिष्कार व्हायचा तो शिपायावर नव्हे, त्याच्या बायकोवर. तो बंदूक घेऊन बाहेर, ही पाण्याला गेली की आड रिकामा व्हायचा. वाणी म्हणायचा, तेल संपलं. समोर डबा भरलेला दिसतोय आणि हा म्हणतोय संपलं! आजीला राग वाण्याचा यायचा नाही. ती आजोबांवर चिडायची आणि रात्री स्वतः देवापुढे गांधीबाबांच्या नावानं दिवा लावायची. आजोबा म्हणायचे, लाव, पण खिडकी बंद कर.

त्यांची पेटी आम्ही ठेवलीय. पितळ भंगारात जायचं होतं, मीच अडवलं.

वकिलीण

‘लाव, पण खिडकी बंद कर.’ क्या बात है.

जुनं_दप्तर

कृष्णाकाठ, आजोबांचा माग काढायचाच असेल तर जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात रीतसर अर्ज करा. १९४२ च्या घडामोडींसाठी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार पाहा. आणि शोधताना जिल्हा सातारा धरा. तुमचं तासगाव तेव्हा साताऱ्यातच होतं, दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ ला, सांगली हे नाव त्याहून नंतरचं.

३ सप्टेंबर १९४२ ला तासगावच्या कचेरीवर मोर्चा आला, झेंडा लागला, मामलेदाराच्या डोक्यावर गांधी टोपी चढली. वडूज-इस्लामपूरला आठवड्याभरात गोळ्या चालल्या, तासगावला चालल्या नाहीत. तुमचे आजोबा त्या दिवशी कचेरीच्या आवारात असू शकतात.

कृष्णाकाठ

जुनं दप्तर, त्या एका ओळीमुळे काल आत्याला फोन केला. आत्या ८८ वर्षांची, मिरजेला असते, कान गेलेत पण बाकी सगळं शाबूत. जे कळलं ते लिहितो.

त्या दिवशी आजोबा कुठे होते ते तिला माहीत नाही. घरात त्यावर कधी बोलणं झालं नाही. तिला आठवतं ते असं, की गावातल्या न्हाव्यानं लाईनीतल्या पोलिसांची दाढी करायचं सोडलं होतं. मग आजी घरात वस्तरा फिरवायची आणि तिला ते जमायचं नाही. परेडला दाढी नसेल तर दंड, त्यामुळे आजोबा गाल कापलेले घेऊन परेडला जायचे.

पुढे प्रतिसरकारचा जोर झाला तेव्हा गस्तीवर जाणारे पोलीस अंधार पडायच्या आत परतायचे. आजोबांना एकदा वाटेत काही माणसांनी अडवलं, बंदूक घेतली आणि सोडून दिलं. मारलं नाही, पत्री (प्रतिसरकारची तळपायांवरची शिक्षा) वगैरे काही नाही. सर्व्हिस शीटमध्ये याचा उल्लेख नाही, की पुढचा कागद गहाळ आहे, देव जाणे.

मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, “मामा सांगायचा असं एक. तासगावच्या रस्त्यावर एक पोलीस अडवला, तो बंदूक देताना म्हणाला पट्टा नका नेऊ, भरून द्यावा लागतो.” तो पोलीस आजोबाच, असं म्हणायला काही पुरावा नाही. असे अडवलेले कितीतरी असतील. आईही तसंच म्हणाली, आणि मग बराच वेळ भांडी घासत बसली.

रोखठोक

पुरावा नाही हे तुम्हीच लिहिलंत ते बरं केलंत. माझं मत बदललेलं नाही. पण पट्ट्याचं वाक्य वाचून दोनदा थांबलो.

लाईनबाळ

भरून द्यावा लागतो, अगदी! आमच्याकडे टोपीचा बिल्ला हरवला होता तर घरात सुतक.

अनुस्वार

मूळ प्रश्न राहिलाच. भिंतीवर लागलं का ते?

कृष्णाकाठ

नाही. फोन ठेवता ठेवता आत्यानं विचारलं, बक्कल कुणाला नको असेल तर मला आणून दे. दर शुक्रवारी रात्री ते घासायचं काम तिच्याकडे असायचं, वयाच्या सातव्या वर्षापासून. चिंच आणि चुलीतली राख. मळका पट्टा म्हणून दंड झाला होता त्यानंतर आजोबांनी तिला बसवून शिकवलं. नंबर झिजलाय तो तिनंच झिजवलाय. शेवटचे दोन आकडे काय होते ते तिला विचारलं, तर तिनं तोंडपाठ सांगितले.

रविवारी मिरजेला जातोय. हॉलमध्ये ताम्रपट आहे तिथेच आहे, शेजारी बायकोनं घड्याळ लावलं.

गंमतराव

वहिनींचा विजय असो. आत्याबाईंना सांगा, आता चिंच नको. उरलेले दोन आकडेही जायचे.